विश्लेषण : पुस्तक लेखकाचे, मग आवाज कुणाचा?

मराठीत लिहिणारा माणूस आता बोलतोही. कथेचे पुस्तक येते, त्याचे ऑडिओबुक येते, लेखक स्वतःचे पॉडकास्ट सुरू करतो, त्यातले तुकडे रील म्हणून फिरतात. प्रसिद्धी मिळते, पैसे मिळतात का? आणि मिळाले तर कुणाला? लेखकाच्या डिजिटल कारकिर्दीचे गणित, त्यामागचा कायदा आणि करारातल्या काही ओळी यांविषयी...

गिरगावात लेखकाचे कसे चालत असे?

मराठी लेखनाचा धंदा कसा उभा राहिला हे पाहायचे तर गिरगावातून एक फेरफटका पुरे. शेजारच्या काळबादेवीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ पासूनचा. खटाववाडीत ‘मौज’चा छापखाना आणि प्रकाशनगृह, तिथूनच निघणारे ‘सत्यकथा’. ठाकूरद्वारला १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची शाखा. केळेवाडीत १९३५ चा मुंबई मराठी साहित्य संघ आणि पुढे १९६४ मध्ये उभे राहिलेले त्याचे नाट्यगृह. ‘मॅजेस्टिक’चे पुस्तकांचे दुकान आणि त्यांचे १९६४ पासूनचे ‘ललित’. लिहिणे, छापणे, विकणे, परीक्षण येणे, व्याख्यान देणे आणि त्यावरून भांडणे हे सारे चालत जाण्याच्या अंतरावर होत असे.

या व्यवस्थेतून लेखकाचे घर मात्र चालत नव्हते. घर चालायचे ते सरकारी कचेरी, बँक, शाळा, महाविद्यालय किंवा महापालिकेतल्या पगारावर. लेखनाची मिळकत म्हणजे मानधन, थोडे स्वामित्वधन, अनुवादाचे काम, आकाशवाणीचा धनादेश आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकाचे उदाहरण आजच्या चर्चेत मुद्दाम आठवावे असे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. ही परंपरा वाचकाच्या वर्गणीइतकीच जाहिरातदारांच्या पैशावर टिकली. तेव्हा ‘जाहिरातीसाठी साहित्य’ ही तक्रार करायचीच तर यूट्यूबपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

लेखक ‘ऐकायला’ कधी मिळू लागला?

कीर्तन आणि व्याख्यानमाला सोडून दिल्या तरी पॉडकास्टच्या कितीतरी आधी. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ मध्ये ‘मौज’ने काढले, आणि थोड्याच वर्षांत पुलंनी ते एकपात्री प्रयोग म्हणून रंगमंचावर आणले. गिरगावच्या चाळसंस्कृतीची ही कहाणी मग वाचणाऱ्यांची तेवढीच ऐकणाऱ्यांचीही झाली. पुलंनी त्याआधी आकाशवाणीत नोकरी केली होती. ध्वनिक्षेपकासमोरचे वाक्य आणि कागदावरचे वाक्य यांतला फरक त्यांना कळत होता. साधारण त्याच काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी होऊ लागली.

आजच्या पॉडकास्टरच्या सर्वात जवळचा पूर्वज मात्र व. पु. काळे. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या वपुंच्या कथा लोकांनी पुस्तकांत वाचल्या, सभागृहात ऐकल्या आणि नंतर त्यांच्याच आवाजातल्या कॅसेट विकत घेतल्या. एकच कथा, मिळकतीच्या तीन वाटा. यातली कॅसेट महत्त्वाची, कारण ती मोजता येई. दुकानातून किती नग गेले याचा हिशेब मागता येई. आज तोच आवाज लाखो फोनवर जातो, पण मोजमापाचे यंत्र मंचाच्या ताब्यात असते. लेखकाला दिसतो तो मंचाने दाखवलेला आकडा.

पॉडकास्ट म्हणजे नेमके काय?

हा शब्द २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या एका लेखात प्रथम आला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांचा जोडशब्द. मूळ कल्पना साधी. ध्वनिफीत एका सर्व्हरवर ठेवायची, तिचा पत्ता ‘आरएसएस फीड’ नावाच्या खुल्या यादीत द्यायचा, आणि कोणत्याही ॲपने ती यादी वाचून श्रोत्याला नवा भाग पोहोचवायचा. परवाना नको, केंद्र संचालक नको, वेळेचे बंधन नको.

परवाना नको याचे महत्त्व गिरगावकराला वेगळे सांगायला नको. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला तो चौपाटीजवळच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीतून. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून प्रक्षेपक सतत हलवावा लागे. नोव्हेंबरात अटक झाली आणि तो आवाज थांबला. आज मुगभाटातल्या दहा बाय बाराच्या खोलीत गोधड्या टांगून, रस्त्यावरची वर्दळ कमी झाल्यावर रात्री अकराला कुणीही ध्वनिमुद्रण करू शकते. दोन-चार हजारांचा मायक्रोफोन आणि फुकटचे संपादन सॉफ्टवेअर एवढ्यावर सुरुवात होते.

मराठीत हा प्रकार अलीकडे चांगलाच रुजला आहे. ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ ही नावे आता घरोघरी माहीत आहेत. मात्र यांतले बहुतेक कार्यक्रम गप्पांचे किंवा मुलाखतींचे आहेत. लेखक तिथे पाहुणा म्हणून जातो. पुस्तकाची चर्चा होते, विक्रीला हातभार लागतो. स्वतः लिहून स्वतः बोलणाऱ्याची वाट वेगळी आणि जरा लांबची आहे. लिहिलेला अर्धा तास म्हणजे साधारण चार हजार शब्दांची संहिता; ती दर आठवड्याला लिहिणे हे सदरलेखनापेक्षा जड काम आहे. मुलाखतींचे पॉडकास्ट इतके आणि लिखित पॉडकास्ट इतके कमी, याचे निम्मे उत्तर या आकड्यात आहे.

पैसे येतात कुठून?

आधी पुस्तकाचे पाहू. तीनशे रुपयांचे पुस्तक, दहा टक्के स्वामित्वधन आणि हजार प्रतींची आवृत्ती धरली, तर सगळ्या प्रती विकल्यावर लेखकाला मिळतात तीस हजार रुपये. आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली, तर महिन्याला साडेआठशेही पडत नाहीत. या पार्श्वभूमीवर डिजिटलचे आकर्षण समजण्यासारखे आहे.

यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी एक हजार सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे अशी अट आहे (लघुचित्रफितींसाठी वेगळी). चार हजार तास म्हणजे अर्ध्या तासाचा भाग आठ हजार वेळा शेवटपर्यंत ऐकला गेला पाहिजे. एवढे झाल्यावर दार फक्त उघडते. नेहमीच्या चित्रफितींवरच्या जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला, लघुचित्रफितींवर ४५ टक्के. प्रत्यक्ष रक्कम भाषा, विषय, ऋतू आणि श्रोता कुठे बसला आहे यावर ठरते. न्यू जर्सीतला मराठी श्रोता जाहिरातदाराला नागोठण्यातल्या श्रोत्यापेक्षा महाग वाटतो, आणि तो फरक थेट लेखकाच्या खात्यात उतरतो. शेअर बाजाराच्या कार्यक्रमाला मिळणारा दर कवितेच्या कार्यक्रमाला मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट प्रायोजकाची. इथे दर वाटाघाटीवर ठरतो. पण पैसे घेतले की ते श्रोत्याला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची नियमावली २०२१ पासून आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरी वाट वर्गणीच्या मंचांची. स्टोरीटेल नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात आले ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊन. मराठी पुस्तकांची ऑडिओबुके तर झालीच, पण केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकाही त्याने लेखकांकडून लिहून घेतल्या. मराठी लेखकाला ‘कानासाठी लिहा’ असे सांगून त्याचे पैसे देणारे, आकाशवाणीनंतरचे हे मोठे गिऱ्हाईक. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’ या लेखनमंचाने २०२० मध्ये मुंबईची ‘आयव्हीएम पॉडकास्ट्स’ ही कंपनी घेतली. मजकूर गोळा करणाऱ्याला आवाजाची कंपनी का हवीशी वाटली, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्यांनीही करायला हरकत नाही.

आणि चौथी वाट, जी आकड्यांत दिसत नाही. मुंबईत राहून इंग्रजीत लिहिणारे अमित वर्मा यांची कारकीर्द यासाठी पाहण्यासारखी आहे. क्रिकेट पत्रकारिता, २००४ पासून ‘इंडिया अनकट’ हा ब्लॉग, वृत्तपत्रांतील स्तंभ, २००९ मध्ये कादंबरी आणि २०१७ पासून ‘द सीन अँड द अनसीन’ हे पॉडकास्ट. सुरुवातीचे भाग छोटे होते. पुढे ते काही तासांचे झाले. सगळे तज्ज्ञ ‘थोडक्यात सांगा’ म्हणत असताना हा माणूस पाहुण्याला पाच-पाच तास बोलू देत होता, आणि श्रोते टिकले. पॉडकास्टने त्यांना विश्वास कमावून दिला आणि त्या विश्वासावर त्यांनी ऑनलाइन लेखनवर्ग चालवले. म्हणजे ऐकणे फुकट, शिकणे विकत. गिरगावच्या व्याख्यात्याचेही हेच होते: संघातले भाषण विनामूल्य, पुस्तक बाहेरच्या टेबलावर.

तेव्हा पॉडकास्टकडे पगार म्हणून पाहणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. ते सभागृह आहे. टेबलावर काय ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. एकच पथ्य, सभागृहाच्या बदल्यात टेबल लिहून देऊ नये. इथे कायदा येतो.

ध्वनिहक्क म्हणजे काय?

स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार साहित्यकृतीचा हक्क ही एकच वस्तू नाही, ती जुडी आहे. प्रती काढणे, अनुवाद करणे, रूपांतर करणे, लोकांपर्यंत पोहोचवणे, चित्रपट करणे आणि ध्वनिमुद्रण करणे हे सुटे सुटे हक्क आहेत. छापण्याचा हक्क दिला म्हणून ध्वनिमुद्रणाचा दिला असे होत नाही. तो लेखकाकडेच राहतो, जोपर्यंत तो लिहून देत नाही.

अडचण ‘लिहून देण्यात’ आहे. ‘या पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी एक ओळ करारात असते आणि पहिले पुस्तक येण्याच्या आनंदात ती वाचली जात नाही. कलम १९ काय म्हणते ते अशा वेळी ठाऊक असावे. हस्तांतरण लेखी आणि सही केलेलेच हवे. कोणती कृती, कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे त्यात असायला हवे. कालावधी लिहिला नसेल तर तो पाच वर्षे धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही ठरले नसल्यास त्या हक्कापुरते हस्तांतरण संपते. म्हणजे प्रकाशकाने ध्वनिहक्क घेऊन कपाटात ठेवले, तर लेखक ते परत मागू शकतो. हे कलम किती लेखकांनी वापरले असेल, कोण जाणे.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा नेमका उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. समजा, फणसवाडीतल्या एका लेखिकेने २०१४ मध्ये ‘सर्व माध्यमे’ असे लिहिलेल्या करारावर सही केली. ऑडिओबुक तेव्हा होते, त्यामुळे ते यातून सुटणार नाही. पण उद्या एखादे पूर्णतः नवे माध्यम आले तर ते सुटेल. १९९५ च्या कराराचे काय? दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. जुन्या करारांना ती आपोआप लागू होईल असे गृहीत धरण्यापेक्षा वकिलाला कागद दाखवणे बरे. शिवाय कॅसेट १९९५ मध्ये होत्याच.

दुसरी तरतूद गीतकार-संगीतकारांच्या लढ्यातून आली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिची बाजू मांडली होती. ध्वनिमुद्रणात समाविष्ट असलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला मानधनातला समान वाटा मिळण्याचा हक्क सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो निरर्थक ठरतो. डोळ्यांसमोर गाणी असली, तरी कायद्यातला शब्द ‘साहित्यकृती’ असा आहे. ऑडिओबुकचा करार करताना ही ओळ हाताशी ठेवण्याजोगी आहे.

बोलणाऱ्याचाही स्वतंत्र हक्क आहे. कायद्याच्या व्याख्येतला ‘कलावंत’ म्हणजे नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा. गारुड्याच्या मांडीला मांडी लावून व्याख्याता बसवणाऱ्या मसुदाकाराची गंमत वाटते, पण फायदा खरा आहे: स्वतःची कथा स्वतः वाचणाऱ्या लेखकाकडे शब्दांचा हक्कही असतो आणि सादरीकरणाचाही. दोन्हींचा मोबदला करारात वेगळा लिहून घ्यावा.

दुसऱ्याची कथा वाचून दाखवली तर?

नवे कथावाचक सर्वाधिक अडकतात ते इथे. ‘लेखकाचे नाव घेतले, पैसे घेतले नाहीत’ एवढ्याने भागत नाही. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे, म्हणून ‘श्यामची आई’ कुणीही वाचू शकतो. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावे लागेल. पुलंसाठी २०६१. तोवर परवानगी हवी. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन वैध तक्रारी झाल्या की वाहिनीच बंद होऊ शकते, आणि तिच्याबरोबर स्वतःचे लिहिलेले भागही जातात.

आवाजाची नक्कल यंत्राने केली तर?

हा प्रश्न आता कल्पनेतला उरलेला नाही. काही मिनिटांचा नमुना दिला की यंत्र त्या आवाजात हवे ते वाचून दाखवते. गायक अरिजित सिंग यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये त्यांच्या आवाजाच्या अशा वापराला मनाई केली; २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसे संरक्षण मिळाले. मात्र हे नामवंतांचे दावे आहेत. फारशा प्रसिद्ध नसलेल्या कथावाचकाला न्यायालयात ‘माझा आवाज लोक ओळखतात’ हे आधी सिद्ध करावे लागेल. त्याचे संरक्षण करारातच व्हायला हवे: ‘या ध्वनिमुद्रणाचा वापर कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी किंवा यंत्राला शिकवण्यासाठी करता येणार नाही.’ एवढे एक वाक्य घालायला सांगावे. समोरचा काय उत्तर देतो यावरूनही बरेच कळते.

कर आणि कागद

पुस्तकाच्या स्वामित्वधनावर निवासी लेखकाला जुन्या करपद्धतीत तीन लाखांपर्यंत वजावट मिळत आली आहे (आयकर कायदा, १९६१, कलम ८०क्यूक्यूबी). पॉडकास्टची जाहिरात किंवा प्रायोजकत्व या वजावटीत बसत नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न. त्यामुळे दोन्ही मिळकतींचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवणे शहाणपणाचे. प्रायोजकाने पैशांऐवजी वस्तू दिल्या तरी त्यांची किंमत वर्षात वीस हजारांवर गेली की त्यावर करकपात होते, हा नियम जुलै २०२२ पासून आहे. फुकटचा मायक्रोफोन तितकासा फुकट नसतो.

मंचच बंद पडला तर?

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले. त्याचे अंक ग्रंथालयांत राहिले. त्यातल्या कथा पुस्तकांत आल्या. डिजिटल मंचाचे बंद होणे असे नसते. गुगल पॉडकास्ट्स हे मोठ्या कंपनीचे ॲप २०२४ मध्ये बंद झाले. ज्यांचे भाग स्वतःच्या फीडवर होते, त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपवर गेले आणि एकही भाग हरवला नाही. ज्यांचे सारे काही एखाद्या मंचाच्या आतच असते, त्यांच्या हातात अशा वेळी एक ईमेल आणि काही आठवड्यांची मुदत उरते.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने ध्वनिमुद्रणाच्या मूळ फायली आणि संहिता स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, दुसरी प्रत घराबाहेर. फीड स्वतःच्या नावाने नोंदवावे. ते दुसरीकडे हलवता येते का, हे सेवा निवडतानाच विचारावे. श्रोत्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने जमवावेत, कारण यूट्यूबचे सदस्य यूट्यूबचे असतात. आणि प्रत्येक भागाच्या संहितेवर तारीख घालावी. वर्षभरात पन्नास भाग झाले, की चार हजार शब्दांच्या हिशेबाने दोन लाख शब्द जमलेले असतात. एखादा प्रकाशक त्याचे पुस्तक करू म्हणून आला, तर या वेळी कराराची पहिली ओळ लेखकाने लिहिलेली असू शकते.